पाटणबोरीच्या पुढे

तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडेच्या एका गल्लीत आम्ही चहा पीत उभे होतो. चहावाल्याने हात डोक्याच्याही वर नेऊन चहा एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात ओतला होता. त्यामुळे ग्लासात चहा कमी आणि फेस जास्त होता, आणि बाबा तो फेस खाली बसायची वाट पाहत होते. समोर रस्त्याच्या कडेला आमची गाडी. पांढरी वेष्टी नेसलेला, साठी ओलांडलेला एक माणूस गाडीमागे थांबला आणि वाकून नंबरप्लेट वाचू लागला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "एमएच बत्तीस. वर्धा?" बाबांनी मान हलवली. तो दोन पावलं जवळ आला. "हिंगनघाट? आर्वी? पुलगाव?" एकेका नावासरशी त्याचा चेहरा उजळत गेला. आणि मग, आम्ही कोण, इथे कशाला आलो, यातलं काहीही न विचारता तो म्हणाला, "पानी हाय का अजून?"

बाबांनी ग्लास खाली ठेवला.

प्रवासातून परत आल्यावर भेटेल तो "कसा झाला प्रवास?" असं विचारतो. मी कन्याकुमारीचं सांगते, समुद्राचं सांगते, मदुराईच्या गोपुरांचं सांगते, मोबाइलवरचे फोटो दाखवते. लोक खूश होतात. पण सांगताना मनात मात्र त्या माणसाचा प्रश्न चालू असतो. देश बघायला म्हणून निघालो आणि हजारभर किलोमीटरवर एका अनोळखी माणसाने आमच्याच शेताची विचारपूस केली. बघायला आम्ही गेलो होतो, आणि बघितलेले निघालो आम्ही.

बाबा हिंगणघाट आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ असं सगळीकडे त्यांनी गाडी नेली, पण दक्षिणेला त्यांची गाडी पाटणबोरीपर्यंतच जायची. पाटणबोरी म्हणजे आपल्या बाजूचं शेवटचं मोठं गाव. पुढे पैनगंगा, आणि पुलापलीकडे तेव्हाचा आंध्र. तिथे गाडी वळवायची, कंडक्टरसोबत चहा घ्यायचा आणि परत निघायचं. वळवलेली गाडी उभी असताना समोरून ट्रक जात राहायचे, दक्षिणेकडे, संत्र्याचे, कापसाच्या गाठींचे. तेव्हा या रस्त्याला सात नंबर म्हणायचे. वाराणसीहून निघून नागपूरमार्गे कन्याकुमारीला जाणारा. २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि आमच्याकडचा तुकडा श्रीनगरहून येणाऱ्या ४४ नंबरच्या रस्त्यात गेला. बाबा अजूनही सात नंबरच म्हणतात. निवृत्तीनंतर त्यांना कुठे जायचंय असं विचारलं, की आई काशी म्हणायची, काकू तिरुपती म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, "पाटणबोरीच्या पुढं." एवढंच. कुठलं देऊळ नाही, कुठलं थंड हवेचं ठिकाण नाही. ज्या रस्त्यावर उभी हयात गेली त्याचं पुढे काय होतं, ते त्यांना पाहायचं होतं.

पण मला तिरुचेंगोडेला थांबायचंच होतं, त्याचं कारण वेगळं आहे.

मी चौथी-पाचवीत असेन. वडनेरच्या अलीकडे आमचं रान आहे, ते काका पाहायचे. त्या वर्षी विहीर माघातच तळाला गेली आणि काकांनी बोअर घ्यायचं ठरवलं. आधी पाणाड्या आला. तळहातावर नारळ ठेवून तो बांधाबांधाने फिरला, आणि बाभळीच्या अलीकडे नारळ उभा राहिला तिथे त्याने दगड ठेवायला सांगितला. मग हिंगणघाटच्या एजंटकडे नंबर लावला आणि तीन-चार दिवसांनी, रात्री जेवणं झाल्यावर, बोअरची गाडी आली. एक नव्हे, दोन गाड्या. एकीवर मशीन आणि आडवा झोपवलेला उंच मनोरा, दुसरीवर कॉम्प्रेसर, लोखंडी रॉड, पाण्याच्या टाक्या, भांडीकुंडी आणि माणसं. नंबरप्लेटवर टीएन. केबिनच्या बाजूला इंग्रजी अक्षरांत लांबलचक नाव, जे मी अक्षर-अक्षर जोडून वाचलं होतं आणि तरी कुणालाच नीट म्हणता येत नव्हतं. तिरुचेंगोडे. काका सरळ 'मद्रासी गाडी' म्हणायचे.

मशीन सुरू झालं तेव्हा छातीत धडधड व्हायला लागली, ती माझी की जमिनीची ते कळत नव्हतं. हॅमर खाली आपटायचा आणि कॉम्प्रेसरच्या हवेने भोकातून दगडाचा भुगा उसळून वर यायचा. दिव्याच्या उजेडात सगळं रान पांढरं झालं. तुरीची झाडं पांढरी, बैल पांढरे, काका पांढरे. आईने पदर नाकाला लावला होता आणि मला मागे ओढत होती. बनियन आणि लुंगीतली ती माणसं मात्र डोक्याला फडकं गुंडाळून त्या धुळीच्या मध्यभागी उभी. एक रॉड संपला की थांबायचं, दुसरा जोडायचा, पुन्हा सुरू. रॉड २० फुटांचा. प्रत्येक रॉडला बाहेर आलेला चुरा एक पोरगा मूठभर घेऊन बाजूला ओळीने मांडत होता. सकाळी मी ते ढीग पाहिले होते: पिवळट मुरूम, काळा, काळा, राखाडी, मग एकाएकी विटेसारखा तांबडा, मग परत काळा. २६० फुटांवर भुगा ओला झाला, मग चिखल आला, मग पाणी उसळलं. काका धावत जाऊन त्या गढूळ फवाऱ्याखाली उभे राहिले. आईने केसिंगला, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाइपला, हळद-कुंकू लावलं. त्या दगडाच्या ओल्या वासासारखा वास मी नंतर कुठेही घेतलेला नाही. पहाटे त्या माणसांनी बांधावर मोठ्या पातेल्यात भात शिजवला, चिंचेचं आंबट-तिखट पाणी केलं, आणि जेवून, आंघोळ करून, ते पुढच्या गावाला निघून गेले. त्यांची नावं कुणाला माहीत नव्हती. फुटाचा भाव, केसिंगचे पैसे, एवढाच व्यवहार. पण त्या पाण्यावर आमची तीन-चार वर्षांची चणा-गहू झाली. आणि माझ्या पाचवीनंतरच्या शाळेचा खर्च त्यातून निघाला, हे बाबा आजही सांगतात.

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. आईने गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि आमच्याबरोबर स्वतःऐवजी तिळाच्या लाडवांचा डबा दिला. गाडी मी चालवणार होते. बाबा डावीकडच्या सीटवर, आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लांबच्या प्रवासात हातात स्टिअरिंग नसलेले. पहिले काही तास त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

हिंगणघाटमधून बाहेर पडताना मला नेहमी लॅम्बटनची आठवण येते. शहरात त्याची कबर आहे. विल्यम लॅम्बटन १८०२ मध्ये मद्रासजवळून हिंदुस्थान मोजायला निघाला. १०० फुटी पोलादी साखळी आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन, त्रिकोणामागून त्रिकोण जोडत, ७८ अंश रेखांशाच्या आसपासची ती लांबलचक पट्टी मोजत तो उत्तरेकडे सरकत आला. सत्तरीच्या घरात असताना, नागपूरच्या वाटेवर, १८२३ च्या जानेवारीत तो आमच्या गावात मरण पावला. पुढे त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. नकाशा उघडून पाहिला तर आमचा रस्ता आणि त्याची ती मोजणीची रेघ बरीचशी बरोबरीने चालतात. म्हणजे दक्षिणेकडून आमच्या दारात येणारी बोअरची गाडी ही काही पहिली नव्हती. कितीतरी माणसं या बाजूने वर आली आहेत, मोजत, खोदत, वाहत. आम्ही त्यांच्या उलट निघालो होतो.

पाटणबोरी आली तेव्हा बाबांनी गाडी थांबवायला सांगितलं नाही. फक्त काच खाली केली. जिथे ते गाडी वळवायचे ती जागा आता उड्डाणपुलासारख्या चढाखाली कुठेतरी गेली आहे, ती दिसलीच नाही. पैनगंगेच्या पुलावर त्यांनी हात जोडले. नदी आली की हात जोडायचे ही त्यांची ड्रायव्हरकीतली सवय. पूर्वी बसमधल्या बायका खिडकीतून नाणी टाकायच्या आणि ते पुलावर वेग कमी करायचे. या प्रवासात त्यांना पुष्कळ नद्या लागणार होत्या. वणा आणि वर्धा तर घरच्याच. पण पुढे गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा, कोरडी पेन्ना, कावेरी, वैगई, ताम्रपर्णी. आंघोळीच्या श्लोकात रोज म्हटलेल्या कावेरीला प्रत्यक्ष ओलांडताना त्यांचे जोडलेले हात बराच वेळ तसेच होते.

आदिलाबादला चहाच्या टपरीवर मराठी कानावर पडली आणि बाबा जरा हिरमुसले. "हे तं आपलंच हाय," म्हणाले. सीमा ओलांडल्याबरोबर सगळं बदलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. कपाशीही तशीच, काळी मातीही तशीच. बदल हळूहळू आला. निर्मळचा घाट उतरल्यावर श्रीरामसागर धरणाच्या खालचं गोदावरीचं रुंद पात्र लागलं, मग आर्मूरचे एकावर एक रचून ठेवल्यासारखे दगडांचे डोंगर, आणि दोन्ही बाजूंना काढणीला आलेली हळद, पानं पिवळी पडून वाळलेली. काळी माती कधी तांबडी झाली ते मात्र आम्हा दोघांनाही नेमकं सांगता येणार नाही. हैदराबाद आम्ही बाहेरच्या रिंगरोडने टाळलं. मला चारमिनार दाखवायचा होता, पण बाबांना शहरात रस नव्हता. त्यांना रस्ता हवा होता.

आणि रस्ता त्यांना जसा दिसत होता तसा मला दिसत नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी उमगलं. मी पाट्या पाहत होते, टोलनाके मोजत होते, पुढचं गाव किती लांब ते पाहत होते. बाबा माणसं पाहत होते. पुढच्या ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून हात काढून 'जा पुढे' अशी खूण केली, की बाबा ओलांडताना दर वेळी हात वर करून त्याला दाद द्यायचे. टायर जमिनीला किती दबलाय यावरून "हा भरला हाय, हा रिकामा चालला," असं सांगायचे. ताडपत्री कशी बांधलीय यावरून माल कोणता असेल ते सांगायचे. एका ट्रकमागे मी जरा रेंगाळले, तर म्हणाले, "त्याले झोप येऊन राहिली. पाह्य, पट्ट्यावर पट्ट्यावर चालला हाय. हॉर्न दे अन् दूर हो." हॉर्न दिला तसा तो ट्रक दचकून सरळ झाला. थोड्या अंतरावर तो कडेला थांबलेला आम्हाला आरशात दिसला, तेव्हा कुठे बाबा टेकून बसले.

कर्नूलच्या पुढे एका पेट्रोलपंपाच्या आवारात आम्ही दुपारी थांबलो. ट्रकच्या सावलीत एक ड्रायव्हर छोट्या स्टोव्हवर भात करत होता. नंबरप्लेट टीएन २८, म्हणजे नामक्कलची. बाबा त्याच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. मला वाटलं, विचारतील कुठला, कुठे चाललास, काय माल. त्यांनी त्यांच्या नागपुरी हिंदीत विचारलं, "घर छोड के कितने दिन हो गए?" त्याने बोटं वर केली, मग आणखी वर केली, आणि हसला. पोंगल वाटेतच गेला म्हणाला. बाबांनी गाडीतून लाडवांचा डबा आणायला सांगितला. त्याने एक लाडू खाल्ला, एक केबिनमधल्या देवाच्या फोटोपुढे ठेवला आणि आम्हाला स्टीलच्या ताटलीत भात वाढला. त्या भाताचा वास आला आणि मला आमचा बांध आठवला.

ज्यांचं घर रस्त्यावर असतं त्यांना 'कुठले' विचारून फार काही कळत नाही. आजवर मी हा प्रश्न शेकडो लोकांना विचारला असेल. घरापासून किती दिवस लांब आहात, हे विचारलं की माणूस बोलू लागतो.

त्यानंतरचा मुलूख मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला आहे. डोनपासून अनंतपूरपर्यंत उघडे, तापलेले खडक, भुईमूग काढून झालेली रिकामी शेतं, आणि मैलोन् मैल आकाश. गुत्तीचा किल्ला रस्त्यावरूनच दिसतो. तो मुरारराव घोरपड्यांचा. हैदर अलीने १७७६ मध्ये तो घेतला, आणि घेतला तो गडावरचं पाणी संपलं म्हणून. तोफांनी पडला नाही, तहानेने पडला. मी गाडी हळू केली. त्या प्रचंड खडकाकडे पाहत बाबा म्हणाले, "वर विहीर कोठं खोदन बिचारा." खाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कितीतरी शेतांत बोअरचे पाइप दिसत होते, काहींवर मोटर, काहींवर नुसता दगड ठेवलेला. दगड ठेवलेला म्हणजे आटलेला. त्या भागात मी नंतर फक्त तेच पाहत राहिले. ज्या गडाला पाण्यासाठी शरण जावं लागलं, त्याच्या पायथ्याशी आजही माणूस रोज तीच लढाई लढतो आहे, असं मनात येत राहिलं आणि हायवेचा तो गुळगुळीत वेग मला नकोसा झाला.

बेंगळुरूमध्ये एक रात्र. होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी. थोप्पूरच्या घाटात बाबांनी मला एक अक्षरही बोलू दिलं नाही. उताराला वळणं तीव्र नाहीत, म्हणूनच तो फसवतो, असं त्यांनी चढाच्या टोकावरूनच ओळखलं. "गिअरमध्ये उतरव. न्यूट्रल करायचं नाही. ब्रेक तापू द्यायचा नाही." मागे अवजड ट्रक एअर ब्रेकचे सुस्कारे टाकत येत होते. खाली पोचल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. गाडी शिकवताना ते असं थोपटत नसत.

सेलमच्या पुढे आम्ही मुख्य रस्ता सोडून तिरुचेंगोडेकडे वळलो. गाव जवळ आलं तशा दोन्ही बाजूंना कार्यशाळा सुरू झाल्या. उघड्या शेडमध्ये मनोरे, वेल्डिंगच्या ठिणग्या, रॉडच्या चळती, हॅमरचे बटणांसारखे दात असलेले बिट, कॉम्प्रेसरचे सुटे भाग. सणाला घरी आलेल्या गाड्या ओळीने उभ्या. आमच्या रानात मध्यरात्री अवतरलेलं आणि पहाटे नाहीसं झालेलं ते अजस्र यंत्र इथे डझनाने उभं होतं आणि त्याच्या सावलीत पोरं क्रिकेट खेळत होती. दारांपुढे पांढऱ्या कोलमच्या रांगोळ्या, कोपऱ्यांत उसाची चिपाडं. डोंगरावर अर्धनारीश्वराचं देऊळ. मला एकदम रडू आलं, का ते अजून नीट सांगता येत नाही. लहानपणी अक्षर-अक्षर जोडून वाचलेलं नाव खरंच कुठेतरी होतं, तिथे माणसं राहत होती, त्यांच्या घरांना निळा-गुलाबी रंग होता.

तर चहाच्या टपरीवरचा तो माणूस. तो मशीनवर ऑपरेटर होता. वर्धा, यवतमाळ, अमरावती, परभणी, बीड अशी जिल्ह्यांची नावं त्याने बोटांवर घेतली. पाऊस सुरू झाला की घरी यायचं, सुगी संपत आली की परत निघायचं, असे त्याचे कितीतरी हंगाम गेले. गावांची नावं त्याला फारशी आठवत नव्हती. पण वर्धा म्हटल्याबरोबर तो म्हणाला, "काळा दगड. लय कडक. मग लाल येते, मऊ. मग परत काळा." हाताने तो हवेत थर दाखवत होता. सकाळी पाहिलेले ते ओळीने मांडलेले ढीग माझ्या डोळ्यांपुढे आले. लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर येण्याआधीच्या काळात तयार झालेली ती तांबडी पट्टी. आमच्या अख्ख्या गावात कुणी ती याच्याइतकी ओळखत नसेल. बाबांना आमचा मुलूख रस्त्याच्या उंचीवरून माहीत होता, कुठे वळण, कुठे खड्डा, कुठल्या थांब्यावर कोण. या माणसाला तो पायाखालून माहीत होता.

मग बाबांनी त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, जसं आहे तसं. आमचा बोअर २६० फुटांचा. काही वर्षं भरपूर चालला. मग शेजाऱ्यांनी घेतले, ३०० चे, ३५० चे, आणि आमचं पाणी होळीच्या आत संपायला लागलं. आता लोक ४०० च्या गोष्टी करतात. राज्याच्या भूजल कायद्यात खोल विहिरीची मर्यादा ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट आहे, पण शेत सुकताना ती मोजायला कोण बसतो. तो माणूस मान खाली घालून ऐकत होता. म्हणाला, "इकडे पन तसाच. हजार फूट. धूळच." थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "पानी लागला ते शेत आठवत नाही. कोरडा गेला ते आठवते. मालक रडते. पैसा तर घ्यावा लागते, डिझेल लागते. पन रडते तो आठवते."

बाबा म्हणाले, "खरं हाय. भरलेली गाडी घेऊन थांबा सोडला, तं गाडीतले लोक याद राहत नाही. थांब्यावर हात दाखवत राहिलेले राहतात."

त्याला हे सगळं मराठी कळलं असेल का, माहीत नाही. पण त्याने बाबांचा हात हातात घेतला. मी लाडू दिले. त्याने चहाचे पैसे देऊ दिले नाहीत आणि जाताना बाबांच्या मोबाइलमध्ये स्वतः आपला नंबर घालून दिला. त्याचा मुलगा आता गॅसच्या टँकरवर जातो. मशीनवर पाठवला नाही, म्हणाला.

त्या दिवसापासून माझ्या मनात दोन गोष्टी एकमेकींना खेटून बसल्या आहेत आणि त्यांचं जमत नाही. त्या गाड्या आल्या नसत्या तर आमचं रान त्या वर्षीच विकलं गेलं असतं, आणि मी शिकले नसते. आणि त्याच गाड्या रात्रंदिवस, गावोगाव आल्या म्हणून जमिनीने हजारो वर्षं जपलेलं पाणी एका पिढीत उपसलं गेलं. बोअरवाल्यांना दोष देणं सोपं आहे. आमच्याकडे पारावर तो दिला जातोही. पण ती माणसं आमच्याच निरोपावर आली होती, आणि त्यांच्या स्वतःच्या कोरडवाहू रानाने त्यांना घराबाहेर काढलं होतं. एक तहानलेला मुलूख दुसऱ्या तहानलेल्या मुलुखाकडे पाणी शोधायला माणसं पाठवतो, हे सगळं या एका रस्त्यावर चालू आहे. आणि आम्ही त्याच रस्त्याला वेग आणि टोल यांच्यात मोजतो. मला आता महामार्गावर टीएनची प्लेट दिसली की नुसती पुढे निघून जाता येत नाही. बाबांसारखा माझाही हात वर होतो.

कन्याकुमारीबद्दल थोडक्यात सांगते. अरल्वायमोळीच्या खिंडीत वारा इतका होता की गाडी डावीकडे ढकलली जात होती आणि पवनचक्क्यांची पाती डोक्यावर फिरत होती. रस्ता संपतो तिथे गर्दी, शंख-शिंपल्यांची दुकानं, विवेकानंद शिलास्मारकाच्या बोटीसाठीची रांग, आणि शेजारच्या खडकावर १३३ फुटी तिरुवल्लुवर. बाबांनी सत्तरीत पहिल्यांदा समुद्र पाहिला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उभे राहिले, ओंजळ भरून तोंडाशी नेली, आणि थुंकले. "एवढं पाणी," म्हणाले, "अन् एका झाडाच्या कामाचं नाही." मग बऱ्याच वेळाने, "चाल. पाहून झालं." त्यांना जे पाहायचं होतं ते बहुधा आधीच पाहून झालं होतं.

त्या रात्री लॉजवरून त्यांनी काकांना फोन लावला. समुद्राचं वर्णन अर्ध्या मिनिटात आटोपलं आणि म्हणाले, "दोरीले दगड बांध अन् विहिरीत सोडून पाह्य. किती हाय पाणी ते सांग मले." काकांना वाटलं, ऊन लागलं. पण पाहिलं त्यांनी. परतीच्या वाटेवर रोज संध्याकाळी दोघा भावांचं बोलणं व्हायचं आणि मी गाडी चालवता चालवता ऐकायचे. बोअरभोवती खड्डा घ्यायचा, केसिंगला भोकं पाडून जाळी गुंडाळायची, खाली मोठे दगड, मग गिट्टी, वर रेती, आणि बांधावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी आधी एका छोट्या टाक्यात निवळवून त्यात सोडायचं. बाबांनी हे कुठे पाहिलं होतं कोण जाणे. बहुधा एसटीच्या खिडकीतून, कुणाच्या तरी शेतात.

आता जागेवरून वाद चालू आहे. काका म्हणतात, उतार पूर्वेला आहे, पाणी तिकडून वळवावं लागेल, चर मोठा पडेल. बाबा म्हणतात, बाभळीकडूनच येतं, मी पावसात उभा राहून पाहिलं आहे. गिट्टीच्या ट्रॉलीचा भाव दोन ठिकाणी विचारून झाला, खड्ड्यासाठी जेसीबी अर्धा दिवस लागेल की पूर्ण, यावर एकमत नाही. मृगाच्या आधी काम व्हायला हवं, एवढ्यावर मात्र दोघे ठाम आहेत, आणि रविवारी मला लेव्हल पट्टी घेऊन रानात बोलावलं आहे.